पापुद्रा

आपण एखाद्याला दुखावलं, की पुढे भेट झाल्यावर त्यानं निदान तोंड फिरवावं. एवढी साधी रीत आहे, जगात सगळ्यांना येते. माईंच्या धाकट्या जावेनं तर एका वाक्यावरून अकरा वर्षं तोंड फिरवलं होतं, आणि माईंना मनातून तिचा आदरच वाटे. बाई कणखर होती. पण ह्या आकडेवाली नर्सला तेवढंही जमू नये? घरोघरी नर्स पाठवणाऱ्या औषधी सामानाच्या दुकानात काउंटरमागे उभी होती, अंगात दुकानाचा हिरवा कोट, हातात खोक्यांची यादी. तिनं माईंना पाहिलं, माईंनी तिला पाहिलं, आणि माई लगेच भिंतीवर टांगलेल्या कुबड्यांकडे बघू लागल्या. आता तिनंही दुसरीकडे बघावं, म्हणजे व्यवहार संपला. तर ती चक्क हसली, काउंटरवरून पुढे वाकली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही स्वतः आलात? आजोबांची कातडी भरून आली का हो?"

"भरतेय," माई कुबड्यांना म्हणाल्या. मग गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी विचारलं, "तू इथं कशी? तुला तर दुसऱ्या घरी पाठवलं असेल ना?"

"नाही हो. तक्रार मिटेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, असा नियम आहे. सध्या खोकी मोजते." पंखा बंद आहे असं सांगावं, तितक्याच सरळपणे तिनं हे सांगितलं. "हे टोकन घ्या. बसा तिथं. नंबर आला की बोलावते."

टोकन एकसष्ट नंबरचं होतं. भिंतीवरच्या लाल आकड्यात बावन्न दिसत होतं. अक्षरांशी माईंचं कधी जमलं नाही, दुसरी सुटली तेव्हाच पाटी सुटली, पण आकडे त्यांना येत होते. आणि आपल्या आधी नऊ माणसं म्हणजे बराच वेळ ह्या बाईच्या नजरेसमोर बसायचं, हे कळायला शाळा लागत नव्हती. त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची प्लास्टिकची, खोलगट, एकदा बसलं की माणूस तिच्यातून सहज उठू नये अशी. समोर काचेच्या कपाटात एक प्लास्टिकचं धड होतं, डोकं नाही, हातपाय नाहीत, नुसतं पोट, आणि पोटाला माईंच्या नवऱ्याच्या, आप्पांच्या पिशवीसारखी पिशवी लावलेली. त्या पोटावर एक सुरकुती नव्हती. अशा पोटाला कुणीही पिशवी लावील, माईंना वाटलं. आमच्या घरचं पोट आणून दाखवा म्हणावं.

आप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. पोटाच्या डाव्या बाजूला डॉक्टरांनी एक तोंड काढून दिलं होतं, लालबुंद, ओलं, आणि त्यातून जे यायचं ते पिशवीत यायचं. पिशवीला मागे एक चिकट चकती, ती पोटाला घट्ट बसली पाहिजे. नाहीतर ओल चकतीखाली शिरते आणि कातडी सोलवटते. आणि आप्पांची कातडी! दम्याच्या गोळ्या वीस वर्षं खाऊन खाऊन ती अशी झाली होती की कपबशीचा काठ लागला तरी जांभळी व्हावी. पहिल्या दिवशी ही नर्स आली, तिनं आप्पांच्या हाताला दोन बोटं लावून पाहिली, आणि सुनेला म्हणाली, "ह्यांना काहीही थेट चिकटवायचं नाही. आधी फिल्म." मग तिनं निळ्या काठाचं एक चपटं पाकीट फाडलं, आतून औषधात भिजलेला कागदी पुसा काढला, आणि पोट धुऊन, टिपून, कोरडं झाल्यावर चकतीच्या जागेभोवती तो पुसा गोल फिरवला. आणि मग काय केलं? काही नाही. दोन्ही हात हवेत धरून उभी राहिली आणि ओठातल्या ओठात आकडे मोजत बसली. एक, दोन, तीन, चार, थेट तीसपर्यंत. माईंनी दारातून पाहिलं. तीस मोजेपर्यंत माई चार भांडी घासून पालथी घालतील. त्याच दिवशी त्यांनी तिचं नाव आकडेवाली ठेवलं, आणि ते घरात रुळलं. आप्पासुद्धा हसले होते, टाके दुखतील म्हणून पोटावर हात धरून.

"कसली गं फिल्म? मला तर काही दिसत नाही," माईंनी विचारलं होतं.

"दिसतच नाही आजी. वाळली की पातळ पापुद्रा होतो. ओल आली तर त्याच्यावर येते, कातडीवर नाही. आणि चकती काढताना पापुद्रा निघतो, कातडी नाही. फक्त नीट वाळू द्यायची."

"दिसत नाही, पण आहे. आमच्या ह्यांच्या अकलेसारखंच की!" माई म्हणाल्या, आणि खाटेवरून आप्पा म्हणाले, "सरकार, ती वाळवायला पन्नास वर्षं तुम्ही उन्हात ठेवलीत." अशी सगळी मजेत चालली होती बोलणी. ते दिवस माईंना आता आठवायलाही नको होते. कारण गंमत करता करता त्यांनी एक गोष्ट मनात पक्की करून ठेवली होती, ती अशी, की जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर आपला विश्वास नाही.

लाल आकडा पंचावन्न झाला. आकडेवाली एका बाईला मांडीएवढे लांब मोजे दाखवत होती, ते आतून बाहेरून उलटवून, शिवण बोटानं चाचपून. तिचे हात असेच. माईंना ते हात नको इतके पाठ झाले होते. चकती काढायची वेळ आली की ती ओढत नसे. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी खाली दाबून धरी, आणि उजव्या हातानं चकती अगदी जमिनीलगत चालल्यासारखी हळूहळू परतवत नेई. "पट्टी कातडीपासून ओढायची नाही आजी," एकदा ती म्हणाली होती, "कातडी पट्टीपासून सोडवायची." शिकवत होती माईंना. तीन मुलं, दोन दीर, सासू आणि सासूची बहीण, एवढ्या जणांची दुखणीखुपणी काढलेल्या बाईला शिकवत होती. ह्या सगळ्यांच्या गुडघ्यावरची पट्टी माई एका झटक्यात काढत. झटक्यात काढली की दुखत नाही. पोराला ओरडायला वेळच मिळत नाही. आणि ओरडलंच, तर एक धपाटा, की आधीचं दुखणं पोर विसरलं. माईंचा हात असा होता. सगळ्या नात्यात त्या हाताचं नाव होतं, आणि गेले सतरा दिवस माई तो हात पदराखाली घेऊन बसत होत्या.

तो रविवार. रविवारी आकडेवालीची सुट्टी. मुलगा आणि सून कुणाच्या तरी घरभरणीला गेली होती, संध्याकाळी येणार. आप्पा म्हणाले, चकतीखाली खाज येते. माईंनी कड उचलून पाहिली, कातडी कोरडी, भेगाळलेली वाटली, थोडी लाल. एवढंच ना! कोरड्या कातडीला काय लागतं ते सांगायला माईंना कुणा फिल्मवालीची गरज नव्हती. त्यांनी चकती सोडवली, पोट पुसलं, आणि वाटीत तेल कोमट करून ते गोल गोल जिरवलं, चांगलं चकचकीत होईपर्यंत. आप्पांनी डोळे मिटले. "बरं वाटतंय?" "बरं वाटतंय." मग त्यांनी निळ्या काठाचं पाकीट फाडून तो पुसाही वरून फिरवला, कुणी म्हणायला नको की फिल्म लावली नाही, आणि वाळायची वाट न बघता नवी चकती दाबून बसवली. ती बसेना. दाबली की बसे, हात काढला की तेलावरून सरके, जशी ओल्या ताटावरून पोळी. तासाभरात खालून पाझरली. दुसरी लावली, तीही सुटली. आप्पा म्हणाले, "राहू दे, फोन कर तिला." आणि तिथंच सगळं बिघडलं. तिला फोन कर. म्हणजे, आजी, तेल लावायचं नसतं हो. म्हणजे संध्याकाळी सुनेला कळणार. म्हणजे सून काही बोलणार नाही, नुसती भुवई उचलणार. त्या भुवईपेक्षा काहीही परवडलं. माईंनी कपाटाखालचा खण उघडला. घर बदललं तेव्हा खोकी बंद करायला आणलेली रुंद तपकिरी चिकटपट्टी होती, तिचे दोन लांब तुकडे दातानं तोडले आणि तिसरी चकती दोन्ही बाजूंनी पोटाला बंद करून टाकली. पक्की बसली. एक थेंब सुटला नाही. संध्याकाळी माई स्वतःवर इतक्या खूश होत्या की सुनेलाच त्यांनी चहा करून दिला.

एवढ्यावर राहिलं असतं, तरी त्याला अडाणीपणा म्हणता आलं असतं. अडाणीपणाची माईंना लाज नव्हती. अडाणी असून त्यांनी शिकल्यासवरल्यांची घरं मोडताना पाहिली होती. पण सोमवारी सकाळी त्या उठल्या त्याच मुळी ती तपकिरी पट्टी डोळ्यांपुढे घेऊन. नऊ वाजता आकडेवाली येणार, पांघरूण काढणार, पोटावर खोक्याची पट्टी बघणार. तिच्या आधी ती काढायला हवी. सून न्हाणीघरात होती, मुलगा दाढी करत होता, वेळ थोडा होता. माईंनी पट्टीचं टोक नखानं उचललं, आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "हलू नका," आणि झटक्यात ओढली.

आवाज झाला. बारीकसा, कापड फाटल्याचा. तो माईंना आजही, ह्या खुर्चीतही, मोज्यांच्या खोक्याचं झाकण कुणी उघडलं तरी ऐकू येतो. पट्टीला खालून पांढरट काहीतरी चिकटून आलं होतं, तीन बोटं रुंद, दुधावरच्या सायीसारखं, आणि पोटावर त्याच जागी सोललेल्या फळासारखं ओलं गुलाबी, त्यावर हळूहळू रक्ताचे बारके थेंब उमटत होते, एकेक करून, सावकाश. आप्पांनी श्वास आत घेतला. तो आत घेतलेला श्वास बराच वेळ बाहेर आला नाही. ओरडले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तर गल्ली गोळा करणारा माणूस, आणि कातडी गेली तर ओरडला नाही.

आणि मग माईंनी जे केलं ते इतक्या पटापट, इतक्या नीटनेटकेपणानं केलं, की आपल्या हातांना हे आधीपासून येत होतं की काय अशी त्यांना आता शंका येते. तपकिरी पट्टी, तिला चिकटलेल्या सगळ्यासकट, कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात सालांच्या खाली घातली. पोट टिपलं. नवी चकती ठेवली, आणि तिच्या कडेनं, सोललेल्या जागेवरूनच, आकडेवालीच्या डब्यातली आकडेवालीचीच पांढरी पट्टी लावली. हात धुतले. तेलाची वाटीसुद्धा घासून ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माईंच्या मनात त्या सकाळी लख्ख दुपार होती, एकेक वस्तू तिच्या जागी दिसत होती.

सत्तावन्न.

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा येऊन बसला, हातात कमोडच्या खुर्चीचं चित्र. "माझ्यासाठी नाही हं," त्यानं न विचारता सांगितलं, "बायकोसाठी." माई म्हणाल्या, "बायको हेच सांगत असेल." तो हसला. जीभ चालते अजून, माईंना वाटलं, आणि वाटलं तसं त्यांना स्वतःचाच संताप आला. हीच जीभ. नऊ वाजता आकडेवाली आली, पांढरी पट्टी तिनं तिच्या त्या हळू हातांनी सोडवली, आणि थांबली. मुलगा दारात उभा होता, ऑफिसची बॅग खांद्याला. "हे काय झालंय?" तो म्हणाला. खोलीत सगळे आपापल्या जागी होते: मुलगा दारात, सून त्याच्या मागे, आप्पा उताणे, आणि माई आप्पांच्या उशाशी, तांब्या हातात घेऊन. कुणी माईंना काही विचारलं नव्हतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुणीही विचारलं नव्हतं. माई आपण होऊन म्हणाल्या, "शनिवारी घाईत होती ना ती. ते पुसणं लावलंच नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी."

मुलानं आईच्या शब्दावर उलटतपासणी कधी केली नव्हती. तो नर्सकडे वळला, आणि जे काय बोलायचं ते बोलला. मोठ्यानं नाही, ऑफिसात बोलतात तसं, एकेक वाक्य सुट्टं करून. आकडेवालीनं आधी त्या जखमेकडे पाहिलं. मग आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "चुकलं असेल माझं," ती म्हणाली. तिनं जखम धुतली, झाकली, नवी चकती बसवली, सगळं तिच्या पद्धतीनं, तीस आकडे मोजून, आणि पिशवी उचलून गेली. दार ओढून घेताना आवाजसुद्धा केला नाही. त्या दिवशी दुपारी मुलानं तक्रार लिहून पाठवली.

भांडली असती तर! माईंनी भांडण पोटात तयार ठेवलं होतं, सात पिढ्यांचं. ती म्हणाली असती, मी लावली होती फिल्म. माई म्हणाल्या असत्या, खोटं बोलतेस. ती चिडली असती, वेडंवाकडं बोलली असती, आणि त्या वेड्यावाकड्याचा माईंना पुढे आयुष्यभर आधार झाला असता: काय तोंड होतं त्या बाईचं, बरं झालं गेली. पण तिनं काही दिलंच नाही हातात. आणि आप्पांनीही नाही. सतरा दिवस आप्पा नेहमीसारखेच बोलत होते, पाणी दे, खिडकी लाव, पेपर आणून दे. त्या एका सकाळबद्दल चकार शब्द नाही. नवी नर्स आली, तिचे हात म्हणजे पॉलिश कागद, आल्या आल्या घड्याळ बघणारी. ती चकती काढायला लागली की आप्पा खाटेची कड धरत आणि छताकडे बघत. माईंकडे बघत नसत. माईंनी हीच आपली शिक्षा मानली होती. बघत नाहीत ना, नका बघू. भोगते. शिक्षा भोगण्यातही एक तोरा असतो. आप्पांशी विषय न काढता तो तोरा माईंनी सतरा दिवस मिरवला होता, आणि आज पाकिटं संपली, सुनेला निळ्या काठाची की हिरव्या काठाची हे कळणार नाही म्हणून रिकामं पाकीट पर्समध्ये घालून स्वतः इथं आल्या होत्या. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. पाकिटांसाठी.

"एकसष्ट!"

खुर्चीतून उठायला दोनदा जोर करावा लागला. माईंनी रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. आकडेवालीनं मागे वळून खोकं काढलं, त्यावरची तारीख बघितली, आणि म्हणाली, "हीच. वाळू द्यायला सांगा हं त्या बाईंना. आणि खाली तेल, पावडर, काही नको."

तेल. ती ते अगदी सहज म्हणाली, सगळ्यांना सांगतात तसं. पण माईंच्या कानात ते शिरलं आणि तिथंच उभं राहिलं.

"तुला कळलं होतं," माई म्हणाल्या.

"काय आजी?"

"पट्टी मी ओढली होती. तुला कळलं नव्हतं म्हणून सांगू नकोस. तेवढी तू बावळट नाहीस."

आकडेवालीनं इकडेतिकडे पाहिलं. मागे बासष्ट नंबरचा म्हातारा चित्र हातात घेऊन उभा होता. ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "कळलं होतं. जखमेच्या दोन्ही कडा सरळ होत्या, आणि रुंद. आमच्याकडे एवढी रुंद पट्टी येतच नाही. शिवाय तेलाचा वास होता."

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबांनी मान हलवली."

"काय?"

"थोडीशीच. नको, अशी. तुम्ही त्यांच्या उशाशी होतात, तुम्हाला दिसलं नसेल. मी म्हटलं, जाऊ दे. त्यांना तुमच्यासोबत दिवस काढायचेत. मला काय, दुसरी घरं मिळतील."

"मिळाली दुसरी घरं?"

आकडेवाली खोक्यावरचं लेबल बोटानं सारखं करत राहिली. "मिळतील," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. उशाशी उभ्या असलेल्या आपल्याला न दिसता. आणि एकदम माईंना त्या नजरा दिसायला लागल्या, पन्नास वर्षांतल्या. भांडता भांडता समोरचा माणूस अचानक माईंच्या खांद्यावरून पलीकडे बघे, आणि मग गप्प होई. सून, लग्न होऊन आली तेव्हा, तोंड उघडून काही म्हणायची, पलीकडे बघायची, मिटायची. थोरली मुलगी. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तो मास्तर, तावातावानं जिना उतरून आलेला. पलीकडे बघितलं, आणि "बरं बाई, तुमचंच खरं" म्हणून वर गेला. माईंना वाटे, मागे भिंतीवरचं घड्याळ आहे, लोक वेळ बघतात. वाटे, आपलं म्हणणंच असं असतं की पुढे बोलायला जागा उरत नाही. आणि मागे, खुर्चीत, पेपर वाचत, हा माणूस बसलेला असे. किती वेळा हलवली असेल त्यानं मान? आपण जिंकलेलं एक तरी भांडण खरंच जिंकलेलं होतं का? जाऊ दे, तिला सांगू नका, तिला सोसायचं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसऱ्यानंच काहीतरी गिळलं. ह्या वेळी ह्या पोरीनं. आप्पांनी बायकोची लाज राखायला ह्या पोरीचं काम देऊन टाकलं, उताणं पडल्या पडल्या, नुसती मान हलवून, आणि माई त्यांचं न बघणं आपली शिक्षा समजून बसल्या.

"तुमचा साहेब कुठं आहे?" माई म्हणाल्या.

"आजी, कशाला..."

"साहेब!" माईंनी मागच्या खोलीच्या दिशेनं हाक मारली, अशी की बासष्ट नंबरचा म्हातारा दोन पावलं मागे सरला.

साहेब म्हणजे एक चष्मेवाला, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. माईंनी त्याला सांगितलं, मुलाला फोन लाव. नंबर त्याच्या वहीत होता, तक्रारीवरच होता. फोन लागला, माईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि एका श्वासात म्हणाल्या, "मी बोलतेय. आप्पांची कातडी मी ओढली. नर्सनं नाही. मी खोटं बोलले तुझ्याशी."

मुलगा पलीकडून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू कुठं आहेस? एकटी बाहेर पडलीस? बरं वाटत नाहीये का तुला?"

खोटं बोलले तेव्हा ह्यानं डोळे मिटून ऐकलं, आणि आता खरं बोलते तर म्हातारीची तब्येत विचारतो. "मला काही झालेलं नाही," माई म्हणाल्या.

"आई, वयामुळे होतं असं. कधी काय झालं त्याची गल्लत होते. आपण घरी बोलू."

"गल्लत?" माईंचा आवाज चढला. "ऐक. कपाटाखालच्या खणात खोक्यांची तपकिरी पट्टी आहे. तिचं टोक दातानं तोडलेलं आहे, जाऊन बघ. रविवारी तुम्ही घरभरणीला गेलात. मी तेल लावलं, चकती बसेना, म्हणून ती पट्टी लावली, आणि सोमवारी तू दाढी करत होतास तेव्हा ओढली. कचऱ्यात सालांखाली टाकली. वाटी घासून ठेवली. बाहेरच्या बाईवर ढकललं, कारण मला तुझ्या बायकोची भुवई बघायची नव्हती. झाली गल्लत?"

मग मुलगा नुसतं म्हणाला, "आई," आणि त्या एका शब्दात आजवर कधी नव्हता तो ठपका माईंना ऐकू आला. त्यांनी फोन साहेबाला परत दिला. ह्या वेळी हात त्यांनी पदराखाली घेतला नाही.

साहेबानं कागद पुढे ओढला. "बसा आजी. मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा." त्यानं भराभर चार ओळी लिहिल्या आणि कागद वळवून पेन पुढे केलं. सही माईंना येत होती, तेवढीच येत होती.

"वाच आधी."

साहेबानं वाचलं. सदर तक्रार घरातील मंडळींच्या गैरसमजातून झाली असून, तिच्यात संबंधित नर्सचा दोष नाही.

"कसला गैरसमज?"

"तसंच लिहितात आजी. बरं दिसतं."

"माझा गैरसमज आयुष्यात कधी झालेला नाही. खोड ते. लिही, मी जाणूनबुजून खोटं बोलले."

"अहो, पण..."

"तुझ्या खिशात तीन पेनं आहेत, एक तरी खरं लिहीत असेल."

मागून म्हातारा हसला. साहेबानं ओळ खोडली, वर नवी लिहिली, आणि वाचून दाखवली. माईंनी सही केली. अक्षरं वाकडीतिकडी, एकमेकांना धरून चालणारी, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. आकडेवाली इतका वेळ खोकं छातीशी धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते, आणि ते माईंना मुळीच आवडलं नाही.

"एवढं कशाला केलंत आजी," ती म्हणाली. "मी केव्हाच मनातून काढून टाकलं होतं. माझा राग नव्हता तुमच्यावर."

"तेच तुझं चुकलं," माई म्हणाल्या. "मी खोटारडी आहे, हे आता कागदावर आलं. तू लेचीपेची आहेस, हे मी तोंडानं सांगते. एका म्हाताऱ्यानं मान हलवली म्हणून तू त्याची जखम टाकून गेलीस, आणि सतरा दिवस त्या घड्याळवालीनं त्याला सोललं. आमच्या ह्यांच्या मान हलवण्याचं मी घरी जाऊन बघते. तू उद्या नऊला ये. आणि इथून पुढे माझं चुकलं, तर माझ्या तोंडावर बोल, कुणाच्या मानेकडे बघू नकोस. नाही बोललीस, तर मी पुन्हा असंच करीन. मला मी चांगली ओळखते."